विषय: जुनी कॅम्पर व्हॅन घ्यावी का? (सोबत दोन लहान पोरं)

प्रेषक: अमोल (सध्या मुक्काम सातारा)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मेल लिस्टीवर गणपतीच्या जेवणाची यादी चाललीय, त्यात मध्येच घुसतोय, सॉरी. मी पोरांना घेऊन महिनाभर साताऱ्यात आलोय, शाहूपुरीत, आमच्या घरी. बायको, स्मिता, तिकडं ब्रिटनमध्येच आहे, तिला रजा मिळाली नाही. तर काल रात्री तिनं एक फोटो पाठवला, १९७२ ची फोक्सवागन कॅम्पर (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन), नारंगी-पांढरी, पुढं तो मोठा गोल बिल्ला, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि खाली एकच शब्द, "घेऊया?" आता एकटी राहिली की माणूस असले फोटो बघणारच म्हणा.

मला पण आवडली, खोटं कशाला बोलू. कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, दरवर्षी हॉटेलला घालवतो ते पैसे वाचतील असा हिशेब पण मी लगेच करून टाकला. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच. बजेट पंधरा हजार पौंड, अगदीच ताणलं तर सोळा. मला गाडीतलं शष्प कळत नाही, स्क्रीन वॉशचं पाणी भरता येतं तेवढंच.

अण्णांना फोटो दाखवला तर म्हणाले अरे ही तर मॅटाडोर, माझं वऱ्हाड मॅटाडोरमधनं कराडला गेलं होतं, तिला एवढे पैसे कोण देतंय. कोणी जुनी कॅम्पर वापरली असेल तर सांगा, काय बघायचं, कुठलं मॉडेल, आणि पोरांसोबत हे जमतं का.

अमोल


प्रेषक: संध्याताई

अमोल, आम्ही सहा वर्षं वापरली, दोन मुलं त्यातच वाढली म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मी जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तो फोटो बंद कर आणि स्मिताला सांग मागच्या सीटचा फोटो मागव. सगळे विकणारे पुढचं तोंड आणि पडदेच दाखवतात. १९७२ च्या गाडीत मागं बेल्ट कारखान्यातनं आलेले नसतात, कोणी नंतर बसवले असतील तरच असतील. आणि तुझा धाकटा अडीच वर्षांचा आहे ना, मग ऐक, इथला ब्रिटनचा नियम असा आहे की बेल्टच नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला न्यायचंच नाही. जुनी गाडी आहे म्हणून सूट वगैरे काही नाही. तीनच्या वरचं मूल चालतं पण मागंच बसवायचं. आणि जिथं बेल्ट आहेत तिथं मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत चाइल्ड सीट लागतेच, म्हणजे तुमची थोरली पण त्यातच आली.

दुसरं, या जुन्या व्हॅनमध्ये पुष्कळदा बाकडी आडवी असतात, आपल्या वडापच्या जीपला मागं असतात ना समोरासमोर, तशी. त्यावर चाइल्ड सीट लावायची नाही, पुढं तोंड करून असलेली सीटच पाहिजे. आमच्या पहिल्या गाडीत टेबलाभोवती बसायची एवढी सुंदर सोय होती की मी बघताक्षणी हो म्हणाले होते, आणि घरी आल्यावर कळलं की चालू गाडीत तिथं मुलांना बसवताच येत नाही. सहा महिन्यांत विकली.

आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट गाडीतल्या कड्यांत अडकवायची सोय) तर विसरूनच जा, बेल्टनं बांधायची सीट घ्यावी लागते, आणि बेल्ट कशाला बोल्ट केलाय ते वाकून बघ. आमच्या दुसऱ्या गाडीत आधीच्या मालकानं बेल्ट बसवले होते ते नुसत्या प्लायवूडच्या फळीला. फळीला! मी नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला रंग मात्र छान मॅच केलाय.

झोपायचं म्हणशील तर खाली सीट ओढून मोठ्यांचा बिछाना होतो आणि वर उचलायच्या छतात मुलांचे दोन बंक. अडीच वर्षांच्याला वर झोपवू नका, तो रात्री फिरतो. काही गाड्यांत पुढच्या दोन सीटवर आडवी झोळी लावता येते, लहान मुलासाठी ती सगळ्यात भारी, आमची धाकटी त्यातच झोपायची. फक्त झोळीला किती वजन चालतं ते विचारून घे. छताचं कापड फाटलेलं किंवा बुरशी धरलेलं असेल तर पाऊस थेट पांघरुणात येतो, आणि वेल्सचा पाऊस म्हणजे महाबळेश्वरचाच, फक्त मक्याचं कणीस मिळत नाही.

आणि हीटर. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत आतली गरम हवा सायलेन्सरकडच्या उष्णतेवरनं फिरून येते. तिथले डबे गंजले की धूर आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी घ्या, गाडीच्या आधी घेतलात तरी चालेल. गॅसची शेगडी, नळी, सिलेंडरचं कपाट हे सगळं गॅसवाल्याकडून दरवर्षी तपासून घ्यायचं आणि शेगडीवर ऊब घेत बसायचं नाही.

संध्याताई


प्रेषक: निखिल

तंबू घ्या. दोनशे पौंडात येतो, गंजत नाही.


प्रेषक: आबा (सातारा)

अमोल बाळा,

मला ओळखलं नसशील. माझा थोरला तिकडं तुमच्या मंडळात आहे, गेल्या वर्षी आम्ही दोघं चार महिने तिथं होतो तेव्हा त्यानं माझं नाव या लिस्टीत घातलं, ते अजून निघालेलं नाही. मी एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य काढलं. वीस मिनिटांवर राहतो तुझ्यापासून, गोडोलीला. टाइप करायला मला लई वेळ लागतो पण संध्याताईंचं वाचलं आणि राहवेना.

इंजिन सगळे बघतात. इंजिन उतरवता येतं, करता येतं, दुसरं घालता येतं. पत्रा सडला की गाडी संपली, ती नुसती रंगावर उभी असते. या गाड्यांना वेगळी चेसिस अशी नाही, पत्रा म्हणजेच सांगाडा. म्हणून खाली झोपायचं आणि बघायचं. दरवाज्याखालची पट्टी, चाकावरची कमान, जॅक लावायची जागा, पुढच्या काचेची चौकट, छताच्या कडेची पन्हळ, इंजिनपाशी बॅटरी ठेवायचा पत्रा. इतक्या ठिकाणी पाणी मुरतं. खालून कुणी नवं कोरं डांबर मारलं असेल तर जास्त संशय घ्यायचा. डांबर लावणारा काहीतरी झाकतो, असं माझा फोरमन म्हणायचा.

चुंबक न्यायचा. फ्रिजवरचा चालतो. मध्ये पातळ रुमाल धरायचा म्हणजे रंगाला ओरखडा नको. पत्र्याला चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. एवढी साधी गोष्ट आहे, पण माणसं पडदे बघत बसतात.

मॅटाडोरचं तुझ्या वडिलांचं बरोबर आहे, दिसायला भाऊ-भाऊच. पण बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं इंजिन पुढं होतं आणि डिझेलचं, मर्सिडिजच्या परवान्यावर आकुर्डीला बनायचं. तुझ्या नारंगीचं इंजिन मागं, पेट्रोलचं, हवेवर थंड होणारं. त्यामुळं धडक झाली तर ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढं पत्र्याशिवाय काही नाही, हे घरच्यांना सांगून ठेव. १९७१ च्या मॉडेलपास्नं पुढं डिस्क ब्रेक आलेत, ते तरी बघून घे. आणि घाटात मागनं ट्रक हॉर्न मारतो तसा तुला तिकडं हायवेला मागनं सगळे हॉर्न मारतील. पन्नास-पंचावन्न मैलाच्या वर तिला पळवू नये.

इंजिन बघायचं तर विकणाऱ्याला सांगायचं, आम्ही येईपर्यंत चालू करू नकोस. गेल्यावर हात लावून बघायचं, गरम असेल तर तो लबाड. मग मागची पुली धरून पुढंमागं ओढायची, आत खटखट जाणवली तर इंजिन उघडायला झालंय असं समजायचं. पेट्रोलच्या रबरी नळ्या चिरलेल्या असतील तर त्याच दिवशी बदलायच्या, गरम इंजिनावर पेट्रोल टपकलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

उद्या संध्याकाळी पोवई नाक्याला ये, फोटो मोठे करून बघू.

आबा


प्रेषक: नितीन, लंडन

आबांना साष्टांग. कागदपत्रांचं मी सांगतो, बाकी मला पण काही कळत नाही.

गाडी ४० वर्षांच्या वर गेली की हिस्टॉरिक वर्गात घालता येते, मग रोड टॅक्स शून्य, पण आपोआप होत नाही, डीव्हीएलएकडे (आपल्या आरटीओसारखं खातं) वर्ग बदलून घ्यायचा आणि शून्याचा का असेना टॅक्स दरवर्षी भरल्यासारखा करायचाच. एमओटी (गाडीची दरवर्षीची तपासणी) पण माफ, गाडीत गेल्या ३० वर्षांत मोठे बदल केलेले नसतील तर. माफ आहे म्हणून करू नका असं मात्र नाही, पोरं बसणार असतील तर दरवर्षी करून घ्या, आणि विकणारा "एमओटी लागतच नाही" असं लाडात येऊन सांगत असेल तर जुना एमओटीचा इतिहास ऑनलाइन फुकट दिसतो तो नंबर टाकून बघा, त्यात गंजाबद्दल काय काय लिहिलेलं असतं ते वाचून डोळे उघडतात.

लंडनला आमच्याकडे येणार असाल तर, ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा पट्टा) लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे विभागांत, आहे, दिवसाला साडेबारा पौंड. हिस्टॉरिक वर्गातल्या गाडीला माफ. गंमत म्हणजे १९९५ ची गाडी घेतली तर भरावे लागतील आणि १९७२ ला नाही. त्यामुळे मधल्या वयाची गाडी घेऊ नका, माणसांसारखंच आहे ते.

पेट्रोल, सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय, ते इथेनॉल जुन्या रबराला खातं. आबा म्हणतात त्या नळ्या याच्यासाठी पण बघायच्या. सुपरवालं ई-५, म्हणजे कमी इथेनॉलचं, भरायचं, महाग पडतं, आणि गॅलनला वीस-पंचवीस मैल धरून चाला. हॉटेलचे पैसे वाचतील हा हिशेब कृपया पुन्हा कर.


प्रेषक: अमोल

मंडळी, काल पोवई नाक्याला आबांबरोबर दोन तास बसलो. त्यांनी टॅबवर फोटो इतका मोठा केला की नुसता नारंगी रंग दिसत होता, आणि म्हणाले, "चाकाच्या कमानीची कड बघ, एका बाजूला गोल आहे, दुसऱ्या बाजूला लाडू वळल्यासारखी." मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

स्मिता आज बघायला गेली. फ्रिजवरचा सज्जनगडचा मॅग्नेट घेऊन गेली होती. दारावर चिकटला, छपरावर चिकटला, कमानीवर ठेवला तर सरळ खाली चिखलात. विकणारा म्हणे थंडीनं असं होतं. ऑगस्टात! मागं बेल्ट होते, दोन, कमरेचेच, आणि बोल्ट जिथं घातलाय तिथं तिनं बोटानं दाबलं तर पत्र्याचा पापुद्रा निघाला. इंजिन तिच्या आधीच गरम होतं हे वेगळं सांगायला नको. ती घरी येऊन जरा रडली, मला म्हणाली नाही पण आवाजावरनं कळलं. नारंगी रंग तिच्या डोक्यात बसला होता.

मी आबांना विचारलं मग आता काय, तंबू का. ते म्हणाले तीच कंपनी, त्याच्या पुढची बघ, पाण्यावर थंड होणारी. म्हणजे टी-२५. सापडली एक, १९८४ ची, १९०० सीसी, तपकिरी, तोंड खोक्यासारखं. थोरलीला दाखवली तर म्हणाली ही भाजीवाल्याची गाडी आहे का. पण ४० च्या वर आहे, आणि मागची सीट पुढं तोंड करून, तिला तीन जागी बांधणारे बेल्ट, एका गॅरेजनं बसवल्याची पावती आणि फोटो आहेत, खाली जाड प्लेट वेल्ड केलेली दिसते. आबांनी तो वेल्ड बघितला आणि पहिल्यांदाच "हं" म्हणाले.

संध्याताई, हिच्यात काय बघायचं?


प्रेषक: संध्याताई

अरे आमची दुसरी तीच होती! सगळ्यात आधी पाणी. रेडिएटर पुढं आणि इंजिन मागं, त्यामुळे पाण्याचे पाइप पूर्ण गाडीखालनं जातात. जुने लोखंडी असतील तर गंजतात, स्टीलचे घातलेत का विचार. चुकीचं कूलंट घालून चालवलेली असेल तर हेडकडनं पाणी गळतं, गाडी रात्रभर उभी असलेली जागा बघायची, खाली ओलं आहे का. पाणी बदललं की त्यातली हवा नीट काढावी लागते, नाहीतर गरम होत राहते, ते करणारा मेकॅनिक जवळ कुठं आहे ते गाडी घ्यायच्या आधी शोध. पत्र्याचे उभे-आडवे जोड फुगलेत का ते बघा, ही गाडी तिथंच गंजते.

हीटर आत खूप चांगला आहे, पाण्यावरचा. त्यासाठी तरी घे. स्मिताला म्हणावं आमची पण बेज होती, मुलांनी तिला "बिस्किट" नाव ठेवलं होतं. पडदे नारंगी शिवता येतात.


प्रेषक: आबा (सातारा)

जोडात स्क्रूड्रायव्हर टोचायचा नाही, मालक चिडतो. नख लावून बघायचं. फोटो पाठवा.


प्रेषक: अमोल

शनिवारी ११ वाजता बघायची वेळ घेतलीय, स्मिता एकटी आहे, लेस्टरजवळ. मी इथनं व्हिडिओ कॉलवर असेन आणि माझ्याशेजारी आबा, त्यांनी चष्म्याचा नंबर पण नवा करून घेतलाय. पण कोणीतरी जुने कपडे घालून गाडीखाली फोन घेऊन सरकायला पाहिजे, स्मिताच्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय. कोणी त्या बाजूला आहे का? येताना कंदी पेढे आणतो.


प्रेषक: निखिल

मी लेस्टरलाच आहे. येतो. अर्धा किलो, आणि तंबूबद्दल जे म्हणालो त्यावर मी ठाम आहे.