हरभऱ्याची काढणी: हार्वेस्टरने करावी की मजुरांकडून?

प्रश्न (परभणी जिल्ह्यातील शेतकरी)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे यंदा ७ एकर हरभरा आहे. त्यापैकी ४ एकरांवर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले विक्रम’ हा वाण असून उरलेल्या ३ एकरांवर ‘विजय’ आहे. पाने पिवळी पडून गळू लागली आहेत आणि खालचे घाटे वाळले आहेत. गहू आणि हरभरा एकाच वेळी काढणीस आल्यामुळे गावात मजूर मिळत नाहीत. पंजाबातून आलेला एक हार्वेस्टर सध्या शेजारच्या गावात आहे आणि त्याचा चालक दोन्ही तुकडे एकाच दिवशी काढून देण्यास तयार आहे. वडिलांचा मात्र यंत्राला विरोध आहे. बरेच घाटे रानातच राहतात आणि दाणे फुटून त्यांची डाळ होते, असे त्यांचे म्हणणे आहे. अवकाळी पावसाची भीती असल्याने फार दिवस थांबता येणार नाही. आपण काय केले असते?

उत्तर १ (वाशीम जिल्ह्यातील शेतकरी)

आपण दोन्ही तुकड्यांचा निर्णय एकत्र घेऊ नये, असे मला वाटते. ‘फुले विक्रम’ उंच आणि सरळ वाढतो, त्याचे घाटे जमिनीपासून बरेच वर लागतात आणि तो यंत्राने काढता यावा या हेतूनेच शिफारस केलेला वाण आहे. ‘विजय’ची गोष्ट वेगळी आहे. तो निमपसरा असल्याने त्याचे खालचे घाटे पात्याच्या खाली राहतात. ते घेण्यासाठी चालकाने पाते आणखी खाली टेकवले, तर ढेकळे आणि माती आत जाऊन सगळा माल खराब होतो. आपल्या वडिलांनी पाहिलेले नुकसान बहुधा अशाच पसरट वाणाचे असावे, आणि त्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरे आहे.

तेव्हा विक्रम यंत्राने काढावा आणि जे थोडे मजूर मिळतील ते सर्व विजयच्या तुकड्यावर लावावेत. उपटण्याचे काम पहाटे, झाडावर दव असतानाच उरकावे, कारण ऊन चढल्यावर घाटे हाताच्या धक्क्यानेही गळतात. झाड उपटण्याऐवजी विळ्याने कापले तर मुळांची माती खळ्यावर येत नाही. हरभऱ्याच्या आंबीने, म्हणजे झाडावरच्या आंबट द्रवाने, हातांची आग होते आणि कातडी फाटते, म्हणून मजूर बायांना हातमोजे अवश्य द्यावेत. कापलेले ढीग दोन-तीन दिवस उन्हात वाळवावेत आणि ताडपत्री जवळच ठेवावी. ढीग भिजला की दाणा काळवंडतो व भाव पडतो.

उत्तर २ (लातूर जिल्हा, मळणी यंत्राचा व्यवसाय)

वरील मताशी मी सहमत आहे. डाळ होण्याच्या तक्रारीबद्दल थोडे लिहितो, कारण हा दोष यंत्राचा कमी आणि जुळणीचा जास्त असतो. गव्हाचे शेत संपवून हार्वेस्टर थेट हरभऱ्यात येतो आणि ड्रमचा, म्हणजे दाणे झोडणाऱ्या फिरत्या भागाचा, वेग गव्हासाठी ठेवलेला तसाच राहतो. हरभऱ्यासाठी तो बराच कमी करावा लागतो, ड्रम आणि खालच्या जाळीतील अंतर वाढवावे लागते आणि पंख्याचा वारा मात्र चांगला ठेवावा लागतो. हडंब्यालाही, म्हणजे मळणी यंत्रालाही, हेच लागू आहे. दाणा जितका कोरडा, तितका तो ठोक्याने लवकर फुटतो. म्हणून हार्वेस्टर दव उडाल्यावर सुरू करावा आणि भर दुपारी थांबवावा. उपटणीला दव हवे असते, यंत्राला नको असते, हा फरक ध्यानात ठेवावा. ओलसर काड ड्रमला गुंडाळते.

चालकाला पूर्ण शेत देण्यापूर्वी एक पट्टा काढून घ्यावा आणि यंत्रामागे, भुसकट बाजूला सारून, एक चौरस मीटर जागेतील पडलेले दाणे मोजावेत. बंद घाट्यांतील दाणेही त्यात धरावेत. शंभर दाण्यांचे वजन २० ग्रॅमच्या आसपास धरले, तर दर ५ दाण्यांमागे एकरी सुमारे ४ किलो माल जमिनीवर राहतो. म्हणजे ५० दाणे सापडले तर ४० किलो गेले. त्याच वेळी टाकीतील मूठभर माल पाहून फुटलेल्या दाण्यांचे प्रमाणही तपासावे आणि मगच पुढे जाऊ द्यावे.

उत्तर ३ (सस्काचेवान, कॅनडा)

मी मूळचा अमरावती जिल्ह्यातला असून येथील धान्य शेतीत काम करतो. इकडे सुक्या वाटाण्याची काढणी पूर्णपणे यंत्राने होते, परंतु तिची तयारी पेरणीपासूनच सुरू होते. पेरणीनंतर जड रोलर फिरवून दगड व ढेकळे दाबतात, जेणेकरून पाते जमिनीलगत चालवता यावे. पानांऐवजी ताणेच जास्त असलेले वाण लावतात. ते ताणे एकमेकांत गुंतल्यामुळे पीक उभे राहते. तरीही वाटाणा काढणीच्या वेळी झुकतोच, म्हणून पात्यापुढे पीक उचलणारे दाते बसवतात आणि जमिनीच्या चढउतारानुसार वाकणारे पाते वापरतात. दाण्यात १८ ते २० टक्के ओल असतानाच काढणी सुरू करतात, कारण त्याहून कोरडा दाणा फुटतो. पुढे हवा खेळवून ती ओल १६ टक्क्यांपर्यंत उतरवतात.

एक गोष्ट मात्र येथून उचलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पीक एकसारखे वाळावे म्हणून इकडे काढणीपूर्वी तणनाशक फवारतात. भारतात ग्लायफोसेट या तणनाशकाच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन एवढाच वापर आहे. घाईपोटी उभ्या हरभऱ्यावर ते फवारणे बेकायदेशीर आहे आणि जो दाणा आपण खाणार, त्यावर ते राहू देणे योग्य नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. वडिलांना उत्तर २ मधील हिशेब वाचून दाखवला. पट्टा काढून दाणे मोजण्यास ते तयार झाले आहेत. दोन शंका उरल्या आहेत. पुढील वर्षाचे बियाणे विक्रममधूनच ठेवायचे आहे, आणि घरी चार जनावरे असल्याने कुटारही (मळणीनंतरचा भुसा) हवे आहे.

उत्तर १ (वाशीम जिल्ह्यातील शेतकरी)

बियाण्यासाठी यंत्राचा माल ठेवू नये. दाणा वरून अखंड दिसला तरी टरफलाला बारीक तडा गेलेला असतो आणि उगवण घटते. शेताच्या मधल्या भागातील, भेसळ नसलेल्या, बियाण्यापुरत्या ओळी आधीच हाताने कापून काठीने बडवून घ्याव्यात आणि दाणे ८ ते ९ टक्के ओलीपर्यंत वाळवून मगच साठवावेत. ओल जास्त राहिली तर भुंगेरे लवकर लागतात. कुटाराचे म्हणाल, तर हार्वेस्टर ते रानात उधळतो आणि त्यातले फार थोडे गोळा होते. विजयच्या तीन एकरांचे हडंब्यातून निघालेले कुटार जनावरांना पुरते का, याचा अंदाज आधी घ्यावा. पुरत नसेल तर विक्रमचाही एखादा एकर मजुरांसाठी राखावा. आणि यंत्र शेतात शिरण्यापूर्वी त्याची टाकी व जाळ्या उघडून झाडून घ्यायला लावावे, नाहीतर शेजारच्या गावातील गहू आणि तणांचे बी आपल्या मालात उतरेल.