अनुभव धागा: मालिशच्या व्यवसायातल्या तक्रारी आणि जबाबदारीची धास्ती

पंचकर्म, स्पा, बाळबाळंतिणीची मालिश, खेळाडूंचा मसाज. कामं वेगवेगळी असली तरी धास्ती सगळ्यांना एकच. गिऱ्हाईक समाधानाने जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "काल तुमच्याकडून आल्यापासून मान हलत नाहीये." पोटात गोळा येतो. सॉरी म्हणावं तर चूक कबूल केल्यासारखं होतं, गप्प बसावं तर समोरचा जास्त भडकतो. हात कसा फिरवायचा ते आपल्याला शिकवलं गेलं, पण हा फोन कसा घ्यायचा ते बहुतेकांना कुणी शिकवलेलं नाही. म्हणून हा धागा. आपापले अनुभव लिहा. गिऱ्हाइकाचं, केंद्राचं नाव मात्र नको.

सुरुवात मी करते. पुण्यात माझं छोटं केंद्र आहे. फोन आला की मी आधी पूर्ण ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. मग विचारते: नेमकं कुठे दुखतंय, कधीपासून, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, चक्कर येते का, बोलताना अडखळायला होतंय का, ताप आहे का, एकाच पायाला सूज आहे का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं तर "उद्या या, बघू" असं म्हणायचं नाही. "आत्ता डॉक्टरकडे जा, आणि काल मसाज झाला हे त्यांना आवर्जून सांगा." नुसतं अंग ठणकत असेल तर जोरकस मसाजनंतर एकदोन दिवस तसं होतं, हे समजावते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करते. "तुम्हाला त्रास होतोय, ऐकून वाईट वाटलं" एवढं मनापासून म्हणते. कारण काय ते कळायच्या आधी दोष मात्र स्वतःवरही घेत नाही आणि त्यांच्यावरही ढकलत नाही. फोन ठेवला की तारीख, वेळ, ते काय म्हणाले, मी काय सांगितलं, सगळं वहीत उतरवते.

डोंबिवली, बाळबाळंतिणीची मालिश (आई सांगतेय, मी लिहितेय)

आमच्या कामात तक्रार करणारी बाळाची आई क्वचित असते, तक्रार येते आजीकडून. एका घरी तिसऱ्या दिवशी आजींनी बाळाला पालथं केलं आणि ओरडल्याच, "बाईंनी लेकराला चिमटे काढलेत!" कमरेवर, ढुंगणावर निळसर डाग. ते डाग जन्मतःच असतात, आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात आणि वाढत्या वयात आपोआप फिके होतात. दाबलं तर दुखत नाहीत आणि मार लागल्यासारखे हिरवे-पिवळे होत नाहीत. पण त्या क्षणी आजींना हे कोण पटवणार? बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा त्या शांत झाल्या.

तेव्हापासून पहिल्या दिवशी तेलाला हात लावायच्या आधी मी बाळ उघडं करून आईला आणि आजीला दाखवते. हा डाग बघा, ही पुटकुळी बघा, इथे लंगोटाचं लाल झालंय. आईच्या मोबाइलवर फोटो काढायला लावते. मालिश होईपर्यंत घरातलं कुणीतरी समोर बसलंच पाहिजे, ही माझी अट. तेल घरचंच घ्यायला लावते. मोहरीच्या तेलाला मी नाही म्हणते, तान्ह्या कातडीला ते झोंबतं. साधं खोबरेल बरं. कानात, नाकात तेल घालायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणते, "डॉक्टरांना विचारा, त्यांनी लिहून दिलं तर बघू." हाताला धरून उचलणं, टाळ्या वाजवत हात ओढणं हे बाळ थोडं मोठं झालं की घरचेच कौतुकाने करतात. त्याने कोपराचं हाड सरकतं आणि नाव मालिशवालीचं येतं. म्हणून तेही घरच्यांना सांगून ठेवते.

बाळंतिणीचं सिझर असेल तर टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात नाही. पाय, पाठ, खांदे करते. "आमच्या वेळी पोट बांधायचे" असं कुणी म्हटलं तरी नाही.

कोल्हापूर, खेळाडू आणि तालमीतली मालिश

आमच्याकडं पैलवानाची तक्रार फारशी नसते, वस्तादांच्या डोळ्यांदेखत सगळं चालतं. त्रास बाहेरून येणाऱ्यांचा. एक व्यापारी आले. पायाचं प्लास्टर निघून थोडेच दिवस झालेले. म्हणाले, पोटरी आखडलीय, रगडून द्या. बघितलं तर एकच पोटरी सुजलेली, हाताला गरम लागत होती, पाऊल वर ओढलं की कळ. मी हात काढून घेतला. पाय बरेच दिवस हलला नसला की आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती रगडली आणि सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जागेवर जाऊ शकतो. मी सांगितलं, आज मालिश नाही, आधी डॉक्टर, सोनोग्राफी.

ते भडकले. "येवढ्या लांबून आलो, हा मला पेशंट ठरवतोय," असं चारचौघांत बोलले. मी ऐकून घेतलं आणि पैसे परत दिले. पुढं तपासणीत काय निघालं ते मला कळलं नाही आणि ते कळायची गरजही नाही. त्या पोटरीला हात लावायचा नव्हता, येवढं नक्की. नवीन पोरांना मी हेच सांगतो: मालिश केली नाही म्हणून आलेली तक्रार खुशाल अंगावर घ्या.

आणखी एक. मान कडकन मोडून द्या म्हणणारे फार येतात. मानेतनं मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या जातात, झटक्यानं त्या आतनं फाटल्याच्या आणि माणसाला पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. माझ्याकडं मान मोडून मिळत नाही. कुणाला राग आला तरी चालंल.

मुंबई उपनगर, स्पा थेरपिस्ट

माझा अनुभव वेगळा आहे आणि लिहिताना अजून हात थरथरतो. एका गिऱ्हाइकाने मसाज चालू असताना नको ती मागणी केली आणि माझा हात धरला. मी दिवे लावले, "सेशन इथे संपलं" म्हटलं आणि बाहेर आले. दहा मिनिटांत त्याने काउंटरवर तक्रार केली: थेरपिस्ट उद्धट आहे, अर्ध्यात सोडून गेली. रात्री इंटरनेटवर एक स्टारचा रिव्ह्यू. मॅनेजर म्हणाले, "जाऊ दे, सॉरीचा मेसेज टाक, रेटिंग पडतंय."

मी मेसेज टाकला नाही. काय झालं ते वेळेसकट कागदावर लिहिलं, सही केली आणि त्याचा फोटो मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बाहेरच्या पॅसेजमधला कॅमेरा मी किती वाजता बाहेर पडले ते दाखवत होता. मग एका ओळखीच्या ताईंनी सांगितलं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त साहेब आणि सहकारी यांच्यापुरता नाही. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे मी मालकांना शांतपणे वाचून दाखवलं. त्या गिऱ्हाइकाचं बुकिंग कायमचं बंद झालं आणि दारावर पाटी लागली.

मुलींनो, "गिऱ्हाइकाची तक्रार" हा शब्द ऐकला की आपण आधीच मान खाली घालतो. प्रत्येक तक्रार खरी नसते. खोली सोडल्या सोडल्या लिहून ठेवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

ठाणे, मसाज थेरपिस्ट

मला दिसत नाही. मसाजचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि घरोघरी जाऊन काम करतो. एका घरी काम संपल्यावर बाईंची आई म्हणाली, गळ्यातली चेन सापडत नाही. शब्दाने कुणी काही बोललं नाही, पण खोलीतली शांतता कळते. चेन उशीच्या अभ्र्यात निघाली.

आता मी दारातच सांगतो, "दागिने, घड्याळ, पाकीट तुम्ही स्वतः कपाटात ठेवा, मग मला आत बोलवा." माझी पिशवी दिवाणखान्यात ठेवतो, आत फक्त तेल आणि टॉवेल. अंगावर पुरळ, जखम, गजकर्ण असं काही आहे का, हे शरीराचा एकेक भाग घेऊन विचारतो आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करतो, त्यांना सांगून. खरखरीत, गरम किंवा ओलसर कातडी बोटांना लगेच कळते. तिथे थांबतो आणि पुन्हा विचारतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हा प्रश्न कधीच सोडत नाही. त्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला साध्या दाबानेही काळंनिळं होतं, आणि मला ते दिसणार नाही.

नाशिक, तक्रार करणाऱ्या बाजूने

मी थेरपिस्ट नाही, गिऱ्हाईक आहे. एका रिसॉर्टवर पोटलीने (गरम केलेल्या औषधी पुरचुंडीने) शेकताना पाठीला फोड आले. मी दोनदा "गरम लागतंय" म्हटलं होतं. "थोडं सहन करा, गुण येतो" हे उत्तर मिळालं. मी लेखी तक्रार केली ती पैशासाठी नव्हती. नंतर तिथल्या एकाही माणसाने पाठ कशी आहे म्हणून विचारलं नाही, याचा मला राग होता. पोटली आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायला किती वेळ लागतो?

पुणे, वकील

बहीण पंचकर्म करते, म्हणून हा धागा वाचतोय. कायद्याचं थोडक्यात लिहितो.

पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. म्हणजे तक्रार करणं सोपं आहे. मात्र सेवेत त्रुटी होती हे दाखवण्याचा भार मुळात तक्रारदारावर असतो. बिल फाडलेलं नाही म्हणून आपण सुटलो, असं समजू नका. यूपीआयने आलेले पैसे हाही पुरावाच.

आयोगाची नोटीस आली की ती ड्रॉवरमध्ये टाकू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. लेखी उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. उत्तर नाही गेलं तर तुमची बाजू ऐकल्याशिवाय निकाल लागू शकतो.

"होणाऱ्या कोणत्याही त्रासास आम्ही जबाबदार नाही" अशा छापील वाक्याखाली सही घेऊन हलगर्जी माफ होत नाही. त्या कागदाचा खरा उपयोग दुसराच आहे: तुम्ही आजार विचारले होते आणि गिऱ्हाइकाने अमुक सांगितलं होतं, हे त्यावरून दिसतं. त्यामुळे ते वाक्य छोटं करा आणि प्रश्न वाढवा. कुणाला शारीरिक इजा झाली आणि हयगय दिसली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली पोलिसांतही जाता येतं. स्पा किंवा केंद्र असेल तर विमा एजंटकडे पब्लिक लायबिलिटी पॉलिसीबद्दल (गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाईचा भार उचलणारा विमा) विचारा आणि तुमच्या उपचारांची नावं पॉलिसीत लिहून घ्या.

ओंटारिओ, कॅनडा

मूळची साताऱ्याची, इथे नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट आहे. आमच्यावर एक नियामक संस्था असते. तिला कॉलेज म्हणतात, पण तिथे शिकवत नाहीत. कुणीही आमच्याविरुद्ध तिथे लेखी तक्रार करू शकतं. विमा सक्तीचा आहे, नोंदी शेवटच्या भेटीनंतर दहा वर्षं जपाव्या लागतात. छाती, नितंब, मांडीची आतली बाजू इथे उपचार करायचे तर त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते. गिऱ्हाईक मधेच "नको" म्हणालं की थांबायचं, सही असली तरी. सुरुवातीला हा सगळा जाच वाटायचा. आता वाटतं, हे नियम माझंही रक्षण करतात. धागाकर्तीने सॉरी म्हणण्याबद्दल लिहिलंय त्यावरून सांगते: इथे २००९ पासून कायदाच आहे की दिवाणी दाव्यात माफी मागणं म्हणजे दोषाची कबुली धरली जात नाही. त्यामुळे आम्ही मोकळेपणाने "सॉरी" म्हणतो आणि बरीच भांडणं तिथेच मिटतात.

सांगली, पंचकर्म तंत्रज्ञ

आमच्याकडे वैद्यांची लेखी चिठ्ठी असल्याशिवाय द्रोणीवर (तेलमालिशच्या टेबलावर) कुणाला घेत नाही. तरी बाका प्रसंग येतोच. एक काका भरपेट जेवून आले आणि "वेळ घेतलीय, करा" म्हणून हटून बसले. अजीर्ण असताना, कफ वाढलेला असताना, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी) झालेलं असताना अभ्यंग, म्हणजे तेलाची मालिश, करू नये, हे वाग्भटांनी अष्टांगहृदयात सांगितलंय. ते दाखवलं तेव्हा काका ऐकले. जुन्या ग्रंथाचा मान माझ्या नकारापेक्षा मोठा ठरला, याचं वाईट वाटलं नाही. काम झालं.

स्वेदन पेटीला (वाफेने घाम आणायची पेटी) आमचा नियम कडक आहे: आधी बीपी, नंतर बीपी, आणि पेटीत माणूस असेपर्यंत खोली सोडायची नाही. फोन वाजला तरी नाही.

माझा एक प्रश्न आहे. तक्रार आली की पैसे परत द्यावेत का? मालक म्हणतात, दिले की चूक मान्य केल्यासारखं होतं.

धागाकर्ती:

मी देते, पण सरसकट नाही. दाब आवडला नाही, वेळ कमी दिला, खोली गार होती, अशा तक्रारींना पैसे परत किंवा पुढचं सत्र मोफत, वाद न घालता. इजेची तक्रार असेल तर आधी डॉक्टर आणि तपासणीचा कागद. तोवर पैशाचं बोलतच नाही, कारण आजारी माणसाला ते तोंड बंद करणं वाटतं. नंतर द्यायचे ठरले तर बँकेतूनच देते आणि सोबत दोन ओळी लिहिते: "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल सद्भावनेने ही रक्कम परत करत आहोत." मसुदा एकदा वकिलांना दाखवून घ्या. वरचे वकीलदादा, यात काही बदलायला हवं असेल तर सांगा.