गोबरगॅस घरोघरी हवा की वाडीचा एकच?

गोठेकरी
देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. आखातात खुट्ट झालं की झळ थेट वाडीतल्या स्वयंपाकघराला लागते. म्हणून वाडीनं मिळून एकच मोठं गोबरगॅस संयंत्र बांधावं, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब असा. एक घनमीटर वायूला साधारण २५ किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एवढा वायू म्हणजे सुमारे ०.४३ किलो एलपीजी. दोन मोठ्या जनावरांचं शेण रोज पडलं तर महिन्याला १३ किलो, म्हणजे जवळपास एक सिलिंडर सुटतो. पण एकाच गाईवाल्यानं काय करायचं? भूमिहीनानं काय करायचं? सामाईक टाकी असेल तरच त्यांच्या चुलीपर्यंत वायू पोचेल.

माळरान
हेतू चांगला आहे, पण मला पटत नाही. या वायूला दाब कमी असतो. पाइप लांबला की शेवटच्या घरात ज्योत फडफडते, आणि सकाळी सगळ्यांच्या शेगड्या एकाच वेळी पेटतात. त्यात ज्याचं शेण जास्त त्याला वायू जास्त हवा, आणि टाकीतून बाहेर पडणारी रबडी, म्हणजे पातळ शेणखत, कुणाच्या शेतात जायची यावरून तंटा ठरलेला.

त्यापेक्षा तीन-चार जनावरांच्या घरी दीनबंधू पद्धतीची, म्हणजे जमिनीखाली पक्क्या घुमटाची, छोटी टाकी बरी. तीही नीट चालवावी लागते. शेणातली माती-वाळू आधी काढा, नाहीतर ती तळाशी बसून टाकीची जागा खाते. काड्या-पाचट गेलं तर वर साय धरते आणि वायू अडतो. गोठा फिनेलनं धुतलेलं पाणी टाकीत सोडू नका, वायू तयार करणारे जिवाणू मरतात. पाइपाला पाणी काढायच्या तोटीकडे उतार द्या. ज्योत भकभकली तर पहिल्यांदा ती तोटी उघडा. बहुतेक वेळा पाइपात पाणीच साचलेलं असतं. आणि एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका, तिच्या जेटचं भोक या वायूला लहान पडतं.

पाणलोट
दोघंही फक्त चुलीचाच विचार करताय. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी सामूहिक संयंत्र उभारलं. स्वयंपाकाला वायू पुरेना, कारण तेवढं शेणच नव्हतं. मग १९८७पासून तोच वायू डिझेल इंजिनात घालून वीज केली, नळाला पाणी आणि घरांत दिवे दिले. शेण आणणाऱ्याला किलोमागे दोन पैसे, आणि शेणाच्या प्रमाणात रबडी परत. भांडणाचं मूळच कापलं! पाणी सगळ्यांनाच हवं असतं, गाय असो वा नसो. अशा इंजिनाला पेट घ्यायला थोडं डिझेल लागतंच, पण वायू कमी पडला तर ते निव्वळ डिझेलवरही चालतं.

माळरान
पुऱ्याचा दाखला मान्य. पण शेणाचे पैसे चुकते करायला, इंजिनाचं तेल बदलायला पगारी माणूस लागतो. त्याचा पगार कोण देणार? पाणीपट्टी थकवणारी गावं आपण रोज पाहतो.

गोठेकरी
पाणीपट्टी थकते ती पाणी वेळेवर येत नाही तिथे. आधी सेवा द्या, मग वसुली होते. पाणलोट म्हणतात तसं इंजिन पंपाला जोडा, मी चुलीचा हट्ट सोडतो.

बांधावरून
दुष्काळी पट्ट्याचं कुणीच बोललं नाही. चारा संपला की जनावरं छावणीत जातात, शेणही तिकडेच पडतं. २५ किलो शेणाला २५ लिटर पाणी, आणि बायका टँकरपाशी हंडा धरून उभ्या. तेव्हा टाकी आधी पाण्यापायी अडते. पुन्हा सुरू करताना एकदम पूर्ण भरणा टाकला तर आत आंबटपणा चढतो आणि वायू पेटतच नाही. चालू टाकीतली रबडी विरजण म्हणून घालायची, रोजचा भरणा हळूहळू वाढवायचा. पहिला वायू हवेत सोडायचा, त्यात हवा मिसळलेली असते.

म्हणून आमच्याकडे गाव ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा: मे महिन्यात गोठ्यात किती जनावरं उरतात? टाकीचा आकार त्या आकड्यावर बसवा, पावसाळ्यातल्या आकड्यावर नाही.