आर्मरला (ब्रेकवॉटरच्या लाटा झेलणाऱ्या बाहेरच्या थराला) डोलोस की टेट्रापॉड (काँक्रीटचे पायवाले ठोकळे)? नुसता केडी (ठोकळ्याचा स्थिरता गुणांक) बघून ठरवायचं का?

लाटरेषा:
रबल माउंड ब्रेकवॉटरचं (दगडांच्या ढिगाच्या लाटरोधक बांधाचं) प्राथमिक डिझाइन करतोय. एचएस (सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी उंची) ४ मीटर, उतार १:२, लाट स्ट्रक्चरवरच फुटते. हडसनमध्ये (आर्मरचं वजन काढायचा फॉर्म्युला) दगडाला केडी २ आणि घनता २.६५ टन प्रति घनमीटर घातली की साधारण १०.६ टन येतं, आणि खाणीतून ६ टनाच्या वर दगड निघत नाही, म्हणून काँक्रीटकडे वळलो. घनता २.४ धरून टेट्रापॉड (केडी ७) साडेचार टन, डोलोस (केडी १५.८) फक्त २ टन! मग डोलोसच घ्यावा ना? पण सीनियर लोक डोलोस म्हटलं की नकोच म्हणतात, कारण नीट कोणी सांगत नाही.

खडक_आणि_खाण:
आधी लाटेची उंची तपासा. हे केडी १९८४ च्या शोअर प्रोटेक्शन मॅन्युअलचे (अमेरिकी लष्करी अभियंत्यांचं मार्गदर्शक पुस्तक) आहेत, त्यांच्याबरोबर एच १/१० (सर्वांत मोठ्या एक दशांश लाटांची सरासरी उंची) घ्यायची, एचएस नाही. खोल पाण्यात ती एचएसच्या १.२७ पट, आणि फॉर्म्युल्यात उंचीचा घन असल्यामुळे वजन थेट दुप्पट, म्हणजे डोलोस ४ टन आणि टेट्रापॉड ९ टनाच्या वर. उथळ पाण्यात खोलीमुळे लाट आधीच अडलेली असते, तिथे १.२७ डोळे झाकून लावू नका. आणि घनता २.४ ची २.३ झाली तरी वजन २० टक्के जास्त लागतं, क्यूब टेस्टइतकंच (काँक्रीटच्या ताकदीची चाचणी) तिकडेही लक्ष ठेवा.

धक्का_बांधणारा:
सीनियर बरोबर बोलतायत. केडी फक्त युनिट (एक ठोकळा) जागेवरून हलेल का ते सांगतो, युनिट मोडेल का ते नाही. डोलोसच्या पायांची पकड जबरदस्त असते, पण मधला दांडा बारीक, आणि आकार वाढवला की वजन घनाने वाढतं, छेद मात्र वर्गानेच, म्हणजे स्वतःच्या वजनाचा ताण आकाराबरोबर वाढत जातो आणि काँक्रीटची ताण सोसायची ताकद आहे तेवढीच राहते. पोर्तुगालमध्ये सिनेशला फेब्रुवारी १९७८ च्या वादळात ४२ टनांचे डोलोस मोडले, तेही डिझाइनपेक्षा कमी उंचीच्या लाटांत. मोडलेले तुकडे नुसते पडून राहत नाहीत हो, लाटेबरोबर शेजारच्या युनिटवर आदळतात. तुमचा ४ टनी डोलोस त्या मानाने खूप सुरक्षित आहे, तरी रॉकिंग (लाटेने युनिट जागच्या जागी डुलणं) किती होतंय ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

लाटरेषा:
खूप आभार, एच १/१० चं लक्षातच नव्हतं आलं. मग अ‍ॅक्रोपोड (आणखी एक काँक्रीट ठोकळा) कसा वाटतो? एकच थर, काँक्रीट कमी.

धक्का_बांधणारा:
चांगला पर्याय आहे, अंग जाड आहे त्याचं. पण एका थरात चुकीला जागा नसते, एक युनिट निसटलं की खालचा थर उघडा. दोन थरांच्या दगडात थोडं नुकसान चालतं, इथे डिझाइन लाटेला शून्य नुकसान धरायचं. पॅकिंग डेन्सिटी (ठराविक जागेत किती युनिट बसवली ते) आणि टो (उताराचा पायथा) दोन्ही काटेकोर हवेत, पाण्याखाली दिसत नसताना क्रेनने ठेवणं सोपं नाही. राउंडहेडला (ब्रेकवॉटरच्या समुद्रातल्या गोल टोकाला) वजन वाढवावं लागेल ते वेगळंच.

खडक_आणि_खाण:
दगड अजून सोडू नका असं मला वाटतं. हडसनमध्ये लाटेचा पिरियड नाही, वादळ किती वेळ चाललं ते नाही, गाभा किती पाझरतो तेही नाही, व्हॅन डर मीर या डच अभियंत्याच्या १९८८ च्या समीकरणांत हे सगळं आहे, त्यांनी एकदा काढून बघा. ६ टन दगडात बर्म ब्रेकवॉटर (समुद्राकडे दगडांचा रुंद कट्टा असलेला) जमतो का तेही तपासा, त्यात लाटांनी उतार थोडा बदलला तरी चालतं, फक्त दगडाचा एकूण साठा जास्त लागतो. शेवटी जे निवडाल त्याची फ्लूममध्ये (लाटा तयार करायच्या लांब टाकीत) मॉडेल टेस्ट कराच, त्यात डिझाइनपेक्षा मोठी लाटही चालवा.