घरी येतं, पेपरात राहून जातं: दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतर काय करून घ्यावं?

पाथर्डी_फाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुतण्या दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर हातात आलेत. बीजगणितात 40 पैकी 21, विज्ञान भाग 1 मध्ये 22, मराठीत 80 पैकी 47. तोंडी विचारलं तर बरंचसं बरोबर सांगतो. पण बीजगणितात प्रश्न 4 आणि 5 कोरे आहेत आणि मराठीत शेवटचा निबंध चार ओळींत गुंडाळलाय. क्लासवाले म्हणतात अजून सराव संच सोडवा, शाळेतल्या बाई म्हणतात पुस्तक पुन्हा वाचा. हातात दीडेक महिना आहे. दोन्ही पुरतं करायला वेळ नाही, तर आधी काय धरावं?

खडू_फळा

दादा, नवीन संच आणायच्या आधी हे तीन पेपर घेऊन त्याच्याजवळ बसा. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीने खूण करायची. आलंच नाही तर ‘न’, येत होतं पण लिहिताना चुकलं तर ‘च’, वेळ संपली तर ‘वे’, प्रश्न नीट वाचला नाही तर ‘वा’. खूण त्याने स्वतः करायची, तुम्ही फक्त विचारायचं. ‘न’ला पुस्तक लागतं, ‘वे’ला घड्याळ लावून सराव लागतो. सगळ्यांवर एकच औषध चालत नाही, म्हणून क्लास आणि बाई दोघंही अर्धे बरोबर आहेत.

बीजगणिताचं तुमच्या आकड्यांवरूनच दिसतंय. प्रश्न 4 आठ गुणांचा, प्रश्न 5 तीन गुणांचा. 19 पैकी 11 गुण नुसत्या वेळेपायी गेले! त्याला आज आणखी एक प्रकरण शिकवून हे 11 परत येणार नाहीत.

पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. पण सरसकट तीन धरू नका. प्रश्न 1 (8 गुण) 15 मिनिटांत, प्रश्न 2 (12 गुण) 35, प्रश्न 3 (9 गुण) 25, प्रश्न 4 (8 गुण) 25, प्रश्न 5 (3 गुण) 10. झाली 110 मिनिटं. उरलेली 10 आणि 2023 पासून मंडळ शेवटी जी 10 मिनिटं जादा देतं ती, अशी 20 मिनिटं तपासणीला. ही जादा मिनिटं सोडवण्याच्या हिशेबात धरली की मुलं सुरुवातीला रेंगाळतात.

मुलं अडकतात ती प्रश्न 2 मध्ये. दोन गुणांचं एखादं उदाहरण सुटत नाही आणि हट्टाने त्यावर बारा मिनिटं जातात. नियम ठरवून द्या: दोन गुणांच्या उदाहरणावर सहा मिनिटं झाली आणि पुढची पायरी दिसत नाही, तर खाली जागा सोडून पुढे. 2 ब मध्ये पाचपैकी चार, 3 ब मध्ये चारपैकी दोन, प्रश्न 4 मध्ये तीनपैकी दोन सोडवायचे असतात. कोणतं सोडायचं हे ते वाचतानाच ठरवायचं, अर्धं सोडवून झाल्यावर नाही. क्रमही बदलता येतो. 1, 2, 4, 3, 5 असा क्रम मला पटतो, कारण चार गुणांची उदाहरणं डोकं ताजं असताना होतात. प्रश्न आणि उपप्रश्न क्रमांक मात्र ठळक हवा.

आता पायऱ्या. समजा x² + 8x + 3 = 0 सूत्राने सोडवायचंय. ax² + bx + c = 0 शी तुलना, a = 1, b = 8, c = 3; मग b² − 4ac = 64 − 12 = 52; मग सूत्र; मग किंमती घालून (−8 ± √52)/2; शेवटी −4 ± √13, आणि दोन्ही मुळं वेगवेगळी लिहून. गुण पायऱ्यांना असतात, त्यामुळे शेवटी चुकलं तरी आधीचे मिळतात. इथे हमखास होणारी चूक: √52 चं 2√13 करतात आणि 2 ने भागताना एकाच पदाला भागतात. उत्तर येतं −8 ± √13. त्याच्या वहीत अशी चूक दिसली तर ती ‘न’ नाही, ‘च’ आहे. त्यासाठी अख्खं प्रकरण पुन्हा नको, या एकाच पायरीची आठ-दहा उदाहरणं द्या.

‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नांत नुसती चौकटीतली उत्तरं लिहू नयेत, पूर्ण कृती उतरवून चौकटी भराव्यात. भूमितीत रचनेचे कंस खोडायचे नाहीत, तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते. नीटनेटकं दिसावं म्हणून मुलं पुसून टाकतात आणि गुण जातात.

प्रयोगवही

वरच्या उत्तराशी सहमत. विज्ञानाचं वेगळं सांगते, कारण तिथे ‘च’ फार निघतात आणि मुलांना वाटतं की आपलं पाठांतर कमी पडलं.

भाग 1 ची रचना: प्रश्न 1 दहा गुण, प्रश्न 2 दहा गुण (त्यात शास्त्रीय कारणं), प्रश्न 3 मध्ये तीन गुणांचे पाच म्हणजे 15, प्रश्न 4 पाच गुण. सर्वात जास्त गुण प्रश्न 3 मध्ये आहेत, म्हणून त्याला 45 मिनिटं राखायची. बहुपर्यायी प्रश्नांत पहिला लिहिलेला पर्यायच तपासला जातो. तिथे खाडाखोड उपयोगाची नाही, तेव्हा आधी मनात पक्कं करून मगच वर्णाक्षर लिहावं.

शास्त्रीय कारण दोन गुणांचं असतं, म्हणून दोन स्वतंत्र मुद्दे आणि त्यांना जोडणारं वाक्य. विजेच्या दिव्यात टंगस्टनची तार का? बहुतेक मुलं लिहितात, “कारण ती लवकर तापते आणि प्रकाश देते.” यात कारण आलंच नाही. टंगस्टनची रोधकता जास्त, त्यामुळे विद्युतधारेने भरपूर उष्णता निर्माण होते, हा एक मुद्दा. त्याचा द्रवणांक सुमारे 3400 अंश सेल्सिअस, त्यामुळे तार वितळत नाही, हा दुसरा. ‘म्हणून ती न वितळता तप्त होऊन प्रकाश देते’ हे जोडवाक्य. पाठ केलेलं तेच, फक्त मांडणी वेगळी.

गणितं चिन्हात जातात. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 20 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर. आधी ‘दिलेले’ लिहायचं: नाभीय अंतर f = +20, वस्तूचं अंतर u = −30, काढायचं ते प्रतिमेचं अंतर v. मग 1/v = 1/f + 1/u = 1/20 − 1/30 = 1/60, v = +60 सेंमी. u चं ऋण चिन्ह विसरलं की 1/20 + 1/30 होतं आणि v = 12 सेंमी येतं. हे उत्तर चूक आहे हे आकृतीवरूनच कळतं: वस्तू F (नाभी) आणि 2F (त्याच्या दुप्पट अंतर) च्या मध्ये असेल तर प्रतिमा 2F च्या पलीकडे, म्हणजे 40 सेंमीपेक्षा लांब पडायला हवी. विशालनही काढावं, −2 येतं. ऋण म्हणजे उलटी, 2 म्हणजे दुप्पट. एकक राहिलं की गुण कापला जाऊ शकतो, आणि हे मुलांना दहादा सांगूनही राहतं, तेव्हा शेवटच्या तपासणीत फक्त एककं शोधत एक फेरी मारायला लावा.

पाथर्डी_फाटा

दोघांचे मनापासून आभार. खुणा करून घेतल्या. विज्ञानात 18 पैकी 10 ‘च’, 5 ‘न’, बाकी ‘वा’. मराठीत बरेचसे ‘वे’. आता विचारतो: आठवड्यात किती पेपर सोडवायला लावू? आणि मराठीत वेळ जातो तरी कुठे?

गोदाकाठ

मराठीत वेळ बहुधा पहिल्या दोन विभागांत जातो. 80 गुणांची वाटणी गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16, उपयोजित लेखन (पत्र, बातमी, निबंध वगैरे) 24 अशी आहे. सर्वात जास्त गुण शेवटी, आणि तिथे पोचेपर्यंत हात दुखलेला असतो. उताऱ्यातली आकृती पट्टी घेऊन, दुहेरी रेघांनी, सजवून काढण्यात पंधरा-पंधरा मिनिटं जातात. हाताने काढलेली साधी चौकट पुरते. उतारा वाचायच्या आधी कृती वाचाव्यात, म्हणजे काय शोधायचं ते ठाऊक असतं. स्वमताला उतारा जसाच्या तसा उतरवू नये. एक मत, त्याला उताऱ्यातला एक आधार, आणि एक आपल्या आसपासचं उदाहरण.

तीन तासांपैकी शेवटची 50 मिनिटं उपयोजित लेखनाची, असं आधीच ठरवून टाका. घड्याळात ती वेळ झाली की वरचं अपुरं असलं तरी तिकडे वळायचं. भाषाभ्यास लहान तुकड्यांचा असतो, त्यातलं राहिलेलं नंतर पाच मिनिटांत भरता येतं. निबंध तसा भरता येत नाही. पत्राचा आराखडा (दिनांक, प्रति, विषय, मायना, समारोप) आणि बातमीचा शीर्षक-स्थळ-दिनांक हा साचा डोळे मिटून यायला हवा.

पेपरांचं म्हणाल तर दोन तासांचे दोन आणि तीन तासांचा एक, आठवड्याला इतके बस. त्याहून जास्त सोडवले तर तपासायला वेळ उरत नाही, आणि न तपासलेला पेपर म्हणजे नुसती हाताची दमणूक. वेळ बोर्डाचीच ठेवा, सकाळी 11 ला सुरू. फोन दुसऱ्या खोलीत, पाणी जवळ, मध्ये उठायचं नाही. घरात वर्दळ असेल तर जवळची अभ्यासिका बघा. त्याच संध्याकाळी तपासून त्या न-च-वे-वा खुणा करायच्या, आणि चुकलेली उत्तरं तीन दिवसांनी पुस्तक मिटून पुन्हा लिहायची. लगेच लिहिली तर नुकतंच पाहिलेलं उतरतं, ते पक्कं झालं असं वाटतं आणि परीक्षेत सापडत नाही.

भूगोलाकडे दुर्लक्ष नको. भारत आणि ब्राझीलचे नकाशे रोज एक, दहा मिनिटं. ठिकाण बरोबर दाखवतात पण सूची करत नाहीत, हा तिथला नेहमीचा घोटाळा. नकाशा मूळ उत्तरपत्रिकेला बांधायलाही विसरतात.

द्वारका_सिग्नल

एक व्यवहाराचं. केंद्र नाशिकरोडकडे आलं आणि तुम्ही पाथर्डी फाट्यावरून निघणार असाल तर नाशिकच्या द्वारका चौकामार्गे जाण्याचा विचार सकाळी करू नका, तिथे अडकलात की सुटका नाही. आदल्या आठवड्यात त्याच वेळेला एकदा रस्ता बघून ठेवा. केंद्रावर 10.30 ला हजर राहायचं असतं, म्हणून 10.15 धरून निघा. नेहमीचेच दोन निळे पेन न्या. परीक्षेसाठी घेतलेल्या नव्या पेनाने पहिल्या अर्ध्या तासातच हात अडखळतो.

आणि त्याला वाचन किंवा लेखनाची वैद्यकीय अडचण असल्याचं प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक या सवलतींसाठी अर्ज शाळेमार्फतच नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. मुख्याध्यापकांना आजच भेटा, परीक्षा तोंडावर आल्यावर ते होत नाही.