कधी चेंडूमागची जमीन, कधी चेंडूचा माथा

गोल्फ खेळताना तुमचा सात नंबरचा आयर्न क्लब (चेंडू मारायची काठी) कधी चेंडूमागची जमीन खणतो आणि पुढच्याच फटक्याला चेंडूचा माथा घासतो, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन दोष वाटतात, पण मूळ बहुधा एकच असतं: स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा, सर्वात खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतोय. यावर कुणीतरी तुम्हाला 'डोकं खाली दाबून ठेवा' असा सल्ला दिलाय, तो मला अजिबात पटत नाही. डोकं जखडलं की छाती लक्ष्याकडे वळत नाही, वजन मागच्या पायावरच राहतं आणि दुखणं वाढतं.

मॅटवरचा (कृत्रिम गवताच्या चटईवरचा) सराव जमेल तितका कमी करा. मॅटवर क्लब घसरून पुढे जातो, त्यामुळे मागे लागलेला फटकाही बरा वाटतो. त्याऐवजी गवतावर चुन्याची रेघ मारा, ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. डिव्हट (क्लबने जमिनीत पडणारी खाच) रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू व्हायला हवा. सलग तसं होऊ लागलं की मगच चेंडू ठेवा. (ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबला, हे लागू नाही. टीवरचा, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवलेला, चेंडू क्लब किंचित वर येताना लागलेला चांगला.)

दिशेचं म्हणाल तर चेंडू कुठे निघतो ते मुख्यतः क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) ठरवतो. चेंडू सुरुवातीपासूनच उजवीकडे जात असेल तर स्विंगचा मार्ग बदलण्याआधी ग्रिप (क्लबवरची हातांची पकड) तपासा.