मदत हवी आहे: छोट्या गटात मोकळं बोलणं कसं सुरू होईल?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आमच्या मंडळीत घरोघरी भरणारा एक छोटा बायबल अभ्यास गट मी चालवते. लोक नियमित येतात, गीतं मनापासून गातात, पण वचन वाचून झालं आणि “यातून तुमच्याशी काय बोललं गेलं?” असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. मग ठरलेले दोघे बोलतात आणि बाकीचे पानं चाळत बसतात. प्रार्थनेचे विषयही तब्येत, नोकरी, परीक्षा यांपुढे जात नाहीत. ते विषय महत्त्वाचे आहेतच, पण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करा असं म्हटलंय. तिथवर आम्ही पोचतच नाही.

१७४२ पासून इंग्लंडमधले ख्रिस्ती उपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांत साधारण बारा जणांचे ‘वर्ग’ म्हणजे छोटे गट असत. पुढारी दर आठवड्याला प्रत्येकाची आत्मिक विचारपूस करत असे. मला हे फार आवडतं, पण थेट असं विचारलं तर काही जण यायचेच बंद होतील अशी भीती वाटते.

प्रार्थनेसाठी बायकांचा आणि पुरुषांचा तीन-तीन जणांचा वेगळा गट केला तर उपयोग होईल का? गटातली गोष्ट बाहेर जाणार नाही, हा विश्वास तुम्ही कसा निर्माण केलात? आणि जास्त बोलणाऱ्या ज्येष्ठांना मान राखून कसं थांबवायचं? प्रत्यक्ष गट चालवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.